दक्षिण ध्रुवाची बोट आणि आमचा पन्नास रुपयांचा निधी

 

एरवी आपण इथं कामाचं बोलतो. कर्जाची परतफेड, पापडाचं पॅकिंग, शेळ्यांचं लसीकरण, गटाचं रजिस्टर. आज सहलीचं बोलायचंय. तीही साधीसुधी नाही, थेट दक्षिण ध्रुवाकडची, बर्फाच्या समुद्रातली. हसू नका. शेवटी आपल्याच हिशेबाच्या वहीपर्यंत येणार आहोत.

आमचं गाव वेरूळपासून जवळ. आम्ही बारा जणी. हंगामात लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचा छोटा स्टॉल असतो. थालीपिठाची भाजणी, ज्वारीचे पापड, कुरडया, सीताफळाच्या दिवसांत सीताफळं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एक बाई स्टॉलवर आल्या. पुण्याच्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. वय पासष्टच्या पुढं. लेणी बघून पाय दुखले म्हणून आमच्या बाकड्यावर बसल्या आणि चहा मागितला. बोलता बोलता म्हणाल्या, "मी मागच्या वर्षी अंटार्क्टिकाला जाऊन आले."

आम्हाला वाटलं, अमेरिकेतलं एखादं गाव असेल. त्यांनी मोबाइल काढला आणि फोटो दाखवायला लागल्या. निळा बर्फ, घराएवढे, डोंगराएवढे बर्फाचे तुकडे पाण्यात तरंगतायत. काळा कोट घातल्यासारखे पेंग्विन पक्षी ओळीनं चाललेत. आणि मध्ये जाड कोटात, गुडघ्यापर्यंत बूट घालून आमच्या समोरच्या याच बाई. गिऱ्हाईक सोडून आम्ही सगळ्या त्यांच्याभोवती गोळा झालो.

मग प्रश्न सुरू झाले. आमचे प्रश्न कसले, तुम्हाला माहीत आहेच. "काय खाल्लं?" "एकट्या गेल्या का मालक होते?" "भीती नाही वाटली?" "आणि बाई, संडासाची सोय?"

त्यांनी एकेक गोष्ट नीट सांगितली. शिकवायची सवयच होती. तेच आज आम्ही तुम्हाला सांगतो.

अंटार्क्टिका म्हणजे पृथ्वीच्या अगदी तळाशी असलेला खंड. आपल्या भारताच्या चौपट मोठा, आणि जवळजवळ सगळा बर्फाखाली. तिथं गाव नाही, शेत नाही, कुणाचं मूळचं घर नाही. संशोधकांची केंद्रं आहेत, तेवढीच माणसं. जगातल्या गोड्या पाण्याचा निम्म्याहून जास्त साठा त्या बर्फात गोठून पडलाय. हे ऐकल्यावर आमच्यातली एक पटकन म्हणाली, "बया, आन् आम्ही इथं टँकरची वाट बघतोय!"

तिथं जायचं तर आधी दोन-तीन विमानं बदलून दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना देशाच्या टोकाला जायचं. गावाचं नाव उशुआया. तिथून बोट. नोव्हेंबर ते मार्च हाच हंगाम, कारण आपल्याकडं थंडी असते तेव्हा तिथं उन्हाळा. उन्हाळा म्हणजे काय, तर समुद्रावरचा बर्फ थोडा फुटतो आणि बोटीला वाट मिळते एवढंच. रात्री अकरा-बारालासुद्धा बाहेर उजेड असतो. झोपायचं तर पडदे लावावे लागतात.

उशुआयाहून निघालं की ड्रेक नावाची समुद्राची पट्टी लागते. ती ओलांडायला साधारण दोन दिवस. तिथल्या लाटा जगात नावाजलेल्या. नशीब असेल तर समुद्र तळ्यासारखा शांत, नसेल तर बोट सुपातल्या दाण्यांसारखी पाखडते. बाई म्हणाल्या, बोटीच्या जिन्यांच्या कठड्याला जागोजागी कागदी पिशव्या अडकवलेल्या असतात, उलटीसाठी. पंधरा लाख भरलेला माणूसही तीच पिशवी हातात घेऊन बसतो.

हो, पंधरा लाख. विमान, बोट, विमा सगळं धरून बाईंना तेवढे पडले. तेही खोली दुसऱ्या एका बाईबरोबर वाटून घेतली म्हणून. त्याहून कितीतरी महाग बोटी असतात. बोट म्हणजे पाण्यावर चालणारं हॉटेल. गरम खोल्या, काचेतून बर्फ बघत जेवण, अंग शेकायला वाफेची खोली, पुस्तकं, डॉक्टर. दुपारी शास्त्रज्ञ येऊन पक्षी, मासे, बर्फ यांवर भाषण देतात. काही बोटींवर तर हेलिकॉप्टर आणि समुद्राखाली घेऊन जाणारी छोटी पाणबुडीसुद्धा असते.

त्या रात्री मिटिंगला आम्ही हिशेब केला. आमची बचत दरमहा प्रत्येकी शंभर रुपये. बारा जणींचे बाराशे. वर्षाचे चौदा हजार चारशे. सगळ्या गटानं मिळून एका बाईला त्या बोटीवर पाठवायचं ठरवलं तर एकशे चार वर्षं लागतील. सगळ्या हसलो. सगळ्यांत थोरल्या काकू म्हणाल्या, "मला पाठवा. एकशे चार वर्षांनी मी मोकळीच आहे."

पण हसून झाल्यावर आमच्यातली एक गंभीर झाली. तिनं दुपारी बाईंना तोंडावर विचारलंही होतं. "बाई, रागावू नका. एवढ्या पैशात एखाद्या गावाचं पाण्याचं काम झालं असतं." बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं आहे, मलाही ते बोचतं. पण चाळीस वर्षं मी नकाशावर बोट ठेवून पोरांना जग शिकवलं. मालक गेले. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा मुलं म्हणाली, आई, फ्लॅट घे. मी म्हटलं, एकदा तरी नकाशातलं डोळ्यांनी बघू दे."

आम्ही गप्प झालो. कारण हे वाक्य लाखांचं नव्हतं. ते आमच्यातल्या कुणीही म्हटलं असतं.

आता त्या प्रवासातली आम्हाला सगळ्यांत जास्त पटलेली गोष्ट सांगतो. बोट किनाऱ्याला लागत नाही, कारण तिथं धक्काच नाही. लांब उभी राहते आणि रबरी होड्यांतून आठ-दहा जणांना किनाऱ्यावर नेतात. पण होडीत बसण्याआधी काय करतात माहीत आहे? पाय धुवायला लावतात. म्हणजे बूट. जंतू मारणाऱ्या पाण्यात बूट बुडवायचे, ब्रशनं तळवे घासायचे. कोटाचे खिसे, पिशव्यांच्या शिवणी मशिननं साफ करायच्या. का? तर दुसऱ्या देशातलं एखादं गवताचं बी किंवा रोगाचे जंतू तिथं जाऊ नयेत म्हणून. परत आल्यावर पुन्हा बूट धुवायचे.

आपल्याकडं दारात पाण्याचा तांब्या ठेवायची रीत आहे. बाहेरून आलेला माणूस पाय धुऊन आत येतो. जगातल्या श्रीमंत माणसांना त्या बर्फाच्या दारात हीच रीत पाळावी लागते, हे ऐकून आम्हाला फार बरं वाटलं.

नियम तेवढ्यावर संपत नाहीत. एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसं उतरायची. पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या बोटीनं कुणालाच उतरवायचं नाही, लांबूनच बघायचं. पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचं. पाच मीटर म्हणजे एक सहावारी साडी जमिनीवर पसरली तर होईल तेवढं. पेंग्विन रस्त्यात आला तर माणसानं थांबायचं, त्याला आधी जाऊ द्यायचं. किनाऱ्यावर खायचं नाही. आणि आमच्या त्या प्रश्नाचं उत्तर: किनाऱ्यावर संडास-लघवीही नाही, बोटीवर परत येईपर्यंत थांबायचं. दगड, पीस, हाड, काहीही उचलून आणायचं नाही. तिथला जेंटू नावाचा पेंग्विन खडे गोळा करून घरटं बांधतो. आपण आठवण म्हणून खडा उचलला तर त्याच्या घराची वीट उचलली. अलीकडं पक्ष्यांचा फ्लू तिथंही पोचला, तेव्हापासून बर्फावर बसायचं, गुडघे टेकायचे किंवा पिशवी ठेवायची नाही, हेही आलं.

हे सगळं कोण ठरवतं? अंटार्क्टिका कुण्या एका देशाच्या मालकीचा नाही. १९५९ मध्ये बारा देशांनी करार केला की ही जागा शांततेसाठी आणि अभ्यासासाठी ठेवायची. भारत त्यात १९८३ मध्ये सामील झाला. १९९१ मध्ये आणखी एक करार झाला आणि तिथं खाणकामाला बंदी आली. त्याच वर्षी बोटी नेणाऱ्या सात कंपन्यांनी एकत्र येऊन संघटना काढली, पर्यटकांसाठीचे बरेचसे नियम तिचे. आपल्या संसदेनंही २०२२ मध्ये अंटार्क्टिकासाठी स्वतंत्र कायदा केला.

असं सगळं नीटनेटकं आहे असंही समजू नका. १९६०च्या दशकात मोजकी माणसं जायची. आता एका हंगामात एक लाखाहून जास्त पर्यटक जातात. जहाजांच्या धुराची काजळी पांढऱ्या बर्फावर बसते. काळं लुगडं उन्हात जास्त तापतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तसाच काजळी बसलेला बर्फ लवकर वितळतो. जो बर्फ बघायला जायचं, तो आपल्या जाण्यानंच थोडा कमी होतो. धोकाही आहे. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये 'एक्सप्लोरर' नावाची पर्यटकांची बोट बर्फाला धडकून बुडाली. बोटीवरच्या १५४ जणांनी काही तास उघड्या होड्यांत, गारठ्यात काढले. दुसरी जहाजं वेळेत पोचली म्हणून सगळे वाचले.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, तिकीट काढून गेलेल्यांचं ऐकलं. तिकिटाविना कुणी आपल्यातलं गेलंय का? गेलंय. आणि हे आम्हाला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

भारताची पहिली मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथं पोचली. पहिल्या दोन मोहिमांत एकही बाई नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये तिसरी मोहीम गोव्याहून निघाली, तीत दोघी होत्या. एक बंगालच्या भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. दुसऱ्या अदिती पंत. अदितीताईंचा जन्म १९४३ चा, नागपूरचा. म्हणजे आपल्यासारख्याच, समुद्र कुठं दिसणारही नाही अशा गावातल्या. पुण्यात शिकल्या. समुद्रावरचं एक पुस्तक वाचून त्यांना वाटलं, हेच शिकायचं. पुढं अमेरिकेत हवाईला आणि लंडनला शिकून आल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलं. समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचा त्यांचा अभ्यास. त्या बारीक वनस्पती कोळंबीसारखे क्रिल खातात, क्रिल पेंग्विन आणि देवमासे खातात. म्हणजे समुद्राच्या चुलीत मुळात काय शिजतं, हे बघायला त्या बर्फात गेल्या. त्याच मोहिमेत भारताचं पहिलं केंद्र 'दक्षिण गंगोत्री' उभं राहिलं. पुढं ते बर्फात गाडलं गेलं. नंतर 'मैत्री' आणि 'भारती' ही केंद्रं झाली.

वय झालंय असं वाटणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी एक नाव. इस्रोच्या मंगला मणी. तेव्हा वय ५६. २०१६ च्या नोव्हेंबरपासून ४०३ दिवस त्या 'भारती' केंद्रावर राहिल्या. पुरुषांच्या तुकडीत एकट्या बाई. त्याआधी त्यांनी बर्फ पडताना कधी पाहिलाही नव्हता.

हे सगळं ऐकून त्या रात्री आमच्या गटात एक प्रश्न निघाला. कुणी किती समुद्र बघितलाय? बारा जणींत समुद्र बघितलेल्या दोन. दहा जणींनी नाही. थोरल्या काकूंचं वय तेव्हा बहात्तर. त्या म्हणाल्या, "माझं बाळंतपण, पोरांची लग्नं, नातवंडांची बाळंतपणं, सगळं झालं. पंढरपूर झालं, पैठण झालं. समुद्र तेवढा ऱ्हायला."

तिथंच ठराव लिहिला. दरमहा शंभर रुपये बचतीशिवाय प्रत्येकीनं पन्नास रुपये सहल निधीत टाकायचे. वेगळं पान, वेगळा हिशेब. बचतीला आणि अंतर्गत कर्जाला हात लावायचा नाही. सहलीसाठी कर्ज काढायचं नाही.

घरी विरोध झालाच. एकीच्या सासऱ्यांनी विचारलं, "समुद्रात काय पेरायचंय?" एकीचा मुलगा म्हणाला, "आई, मोबाइलवर दिसतो की समुद्र." काकूंच्या मुलानं तर सांगितलं, "म्हातारपणी पडलीस तर आम्हीच निस्तरणार." यात वाईट कुणी नव्हतं. पण बाईनं देवाला, लग्नाला किंवा दवाखान्याला सोडून कुठं जायचं असतं, हे घरात कुणाच्या डोक्यातच नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्याही नव्हतं.

वर्षभरात सात हजार दोनशे जमले. आणि त्याच महिन्यात एका मैत्रिणीच्या मुलीला दवाखान्यात ठेवावं लागलं. अंतर्गत कर्जाची मर्यादा संपलेली. सहलीचे पैसे मात्र पेटीत होते. मिटिंग झाली. दोन तास. काही जणी म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. शेवटी काकूंनीच सांगितलं, "पोरगी आधी. समुद्र कुठं पळून जातोय?" सगळे पैसे दिले. पोरगी बरी झाली, आता कॉलेजात आहे. मैत्रिणीनं दरमहा सहाशेप्रमाणे वर्षभरात सगळे फेडले. इकडं आमचे पन्नास-पन्नास चालूच होते.

समुद्र पळून गेला नाही. पण मधल्या काळात काकूंचे गुडघे गेले. जिना चढणं बंद झालं, मग एसटीची पायरीही चढवेना.

मागच्या फेब्रुवारीत निघायचं ठरलं. सव्वीस महिने झाले होते, प्रत्येकीच्या नावावर तेराशे रुपये. दोघींचं जमेना. एकीच्या लेकीचं बाळंतपण होतं आणि काकूंचे गुडघे. दोघींचे तेराशे त्यांना परत दिले, सही घेऊन. काकूंच्या घरी आम्ही तोंड लपवत गेलो. त्यांनी एक रिकामी बाटली आमच्या हातात दिली. पाण्याची, अर्ध्या लिटरची. म्हणाल्या, "येताना त्याचं पाणी आणा."

दहा जणी निघालो. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत. हे लक्षात ठेवा, पण राज्याच्या हद्दीतच चालतं. रात्रीच्या गाडीनं मुंबई. सकाळी गेटवे ऑफ इंडिया. तिथून मांडव्याला बोट जाते, साधारण तासाभराची. पावसाळ्यात ती बंद असते, म्हणून हंगाम बघून जायचं. बोटीच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली होती. तर मैत्रिणींनो, ती आमची क्रूझ. गरम खोली नाही, पाणबुडी नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहा जणी.

बोट सुटली आणि सगळ्यांचे आवाज बंद झाले. जिकडं बघावं तिकडं पाणी. टँकरच्या पाइपाला घागरी लावून उभं राहिलेल्या बायका आम्ही. एवढं पाणी एका जागी बघून एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. एकीनं कठड्याला धरून उलटी केली. आमच्याकडं कागदी पिशवी होती, बाईंचं ऐकून बरोबर घेतलेली.

मग पांढरे पक्षी आले. बोटीच्या मागं मागं उडत. लोक वेफर्स उडवत होते आणि पक्षी हवेत झेलत होते. आमच्यातल्या एकीनंही पाकीट फोडलं आणि हात वर केला. तेवढ्यात मागून दुसरी ओरडली, "ए, पाच मीटर!" सगळ्या हसलो. शेजारच्या कुटुंबानं विचारलं, हे पाच मीटर काय आहे? मग मांडवा येईपर्यंत आम्ही त्यांना पेंग्विन, बुटांचे तळवे, घरट्याचे खडे, सगळं सांगितलं. त्यांच्या पोरानं वेफर्स स्वतःच खाऊन टाकले आणि रिकामं पाकीट खिशात घातलं.

मुक्कामाला हॉटेल नव्हतं. अलिबागजवळच्या एका बचत गटाच्या बायकांशी आमची प्रदर्शनात ओळख झाली होती. त्यांच्याकडं उतरलो. त्यांनी सुकट आणि तांदळाची भाकरी वाढली, आम्ही त्यांना भाजणी आणि कुरडया दिल्या. ओहोटीच्या वेळी समुद्र मागं सरतो, तेव्हा कुलाबा किल्ल्यात पायी जाता येतं. त्या बायकांनी वेळ विचारून आम्हाला नेलं आणि भरती यायच्या आत परत आणलं. चारही बाजूंनी खारा समुद्र आणि किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर! आम्ही तिच्या काठावर बराच वेळ उभ्या होतो.

खर्च माणशी साडेअठराशे आला. तेराशे निधीतले, वरचे साडेपाचशे जिनं तिनं शिवणाच्या, अंड्यांच्या, कोंबड्यांच्या पैशातून घातले. हिशेब वहीत आहे, कुणालाही बघायला मिळेल.

परत आल्यावर आधी काकूंच्या घरी गेलो. बाटली दिली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, तळहातावर थोडं घेऊन जिभेला लावलं. म्हणाल्या, "खरंच खारट हाय की गं." मुलगा शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. या दिवाळीनंतर त्यानं गाडी ठरवलीय. काकूंना आणि बाळंतपणामुळं राहिलेल्या मैत्रिणीला दारापासून किनाऱ्यापर्यंत नेणार आहे, निम्मा खर्च त्याचा.

पोरीच्या दवाखान्याला पैसे दिले याचं आम्हाला जराही वाईट वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देऊ. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आमचा गट आधीची आठ वर्षं चालू होता. त्या आठ वर्षांत काकूंचे गुडघे धड होते आणि आम्ही त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की काकू, तुम्हाला काय बघायचंय.

आणखी एक. आपण कुठं जातो तसे लोक आपल्याकडंही येतात. वेरूळ आणि अजिंठा १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. डेक्कन ओडिसीसारख्या ऐषारामी रेल्वेगाडीतून परदेशी माणसं आपल्या जिल्ह्यात उतरतात. त्यांच्यासाठी आपणच तो लांबचा मुलूख. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर खासगी गाड्या थांबवतात आणि पुढं चार किलोमीटर ठरलेल्या बसनं जावं लागतं. लेण्यांत फ्लॅशनं फोटो काढू देत नाहीत. कारण धुरानं, उजेडानं, माणसांच्या श्वासाच्या ओलीनंसुद्धा चित्रं खराब होतात. पूर्वी आम्हाला हे नियम म्हणजे कटकट वाटायची. आता कळतं, पेंग्विनला पाच मीटर तसंच हे. आता आमच्या स्टॉलवर आम्ही प्लॅस्टिकची पिशवी देत नाही. रिकाम्या बाटल्यांसाठी टोपलं ठेवलंय. गिऱ्हाईक टाकायला विसरलं तर आम्ही स्पष्ट सांगतो, ताई, दादा, बाटली इथं टाका. आधी सांगायला लाज वाटायची. पंधरा लाख भरणाऱ्यालाही बूट धुवायला सांगतात, मग आपण का लाजायचं?

तर पुढच्या मिटिंगला एवढं करा. विषयपत्रिकेवर शेवटचा विषय लिहा: सहल. प्रत्येकीला विचारा, काय बघायचं राहिलंय? थोरल्या बाईपासून सुरुवात करा. कुणी समुद्र म्हणेल, कुणी रायगड, कुणी विमानतळ म्हणेल, कुणी माहेरच्या वाटेवरचं धरण म्हणेल. हसू नका, लिहून घ्या. निधी वेगळ्या पानावर ठेवा, वीस रुपये असोत नाहीतर पन्नास. कर्ज काढू नका. अडचणीला पैसे वळवावे लागले तर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि परतफेडीची तारीख लिहा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या गटाशी ओळख असेल तर मुक्काम तिथं करा, आणि त्या गटालाही आपल्याकडं बोलवा. अलिबागच्या बायका येत्या थंडीत वेरूळ बघायला आमच्याकडं येतायत. त्यांनी लेणी बघितलेली नाहीत. काकूंनी आत्तापासूनच त्यांच्यासाठी कुरडया बाजूला काढून ठेवल्यात.

आज एवढंच. तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला नक्की कळवा. रामराम.